काळ्या पाटीची गाडी

गुरुवार संध्याकाळ, नांदेड

एवढ्याशा गोष्टीत दोन दिवस गेले. उद्या लातूरहून ताईला आणि तिच्या सव्वा महिन्याच्या बाळाला माहेरी आणायचंय, त्यासाठी भाड्यानं गाडी हवी होती. शेजारचे काका त्यांची घरची, पांढऱ्या नंबरपाटीची गाडी देत होते, तीही स्वस्तात. "इन्शुरन्स फुल हाय, बिनधास्त घेऊन जा." मी पॉलिसी मागून वाचली. बारीक अक्षरात लिहिलं होतं, गाडी भाड्यानं दिली तर विमा लागू नाही. मग वाटेत कुणी ठोकलं तर? काका रुसले. रुसू देत.

शेवटी गाड्या भाड्यानं देणाऱ्या दुकानातून रीतसर भाड्याची आणली. काळी पाटी, पिवळे आकडे. विम्यात काच येते का, टायर येतो का, सगळं खोदून खोदून विचारलं. दुकानदार वैतागला. मी एवढा भित्रा कधीपासून झालो? बाळाचा पहिला फोटो आला तेव्हापासून बहुतेक.

पण ती पाटी बघून आई दारातच थांबली. "लेकरू पहिल्यांदा घरी येऊन राहिलं, अन् तू काळी पाटी आणलीस?"

मी समजावलं. स्वतः चालवायला भाड्यानं देतात त्या गाडीला काळीच पाटी असते. ती असली की विमा पक्का. उद्या काही झालंच, तर हीच पाटी कामाला येते.

आई पाटीकडे बघत राहिली. मग वाकून पदरानं तिच्यावरची धूळ पुसली.

"मग असं सांग की," ती म्हणाली, "गाडीला तीट लावलीय म्हणून."