सातव्या होलची हिरवळ

मी, व्हर्ना हुडाक, कै. एमिल हुडाक यांची पत्नी, वय वर्षे एक्क्याऐंशी, राहणार मर्सर हॉलो, पेनसिल्व्हेनिया, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सही त्यांना करायची नाही.

१. राहते घर माझा एकुलता मुलगा ड्वेन यास मिळावे. मोठं मन वगैरे काही नाही. एमिलला शब्द दिला होता.

२. घरामागचे परस मात्र ड्वेनला मिळू नये. गावाच्या गोल्फ मैदानाच्या सातव्या होलची हिरवळ त्यातच आहे. खाण बंद पडल्यावर रिकाम्या बसलेल्या माणसांनी दगडमातीच्या ढिगांवर हे मैदान केलं. जागा पुरेना, तेव्हा एमिल म्हणाला, "घ्या आमचं परस." कागद कुणी केला नाही. मैदान पहिल्यापासून वाकडंच. चौथ्या होलला ढिगापलीकडचं काही दिसत नाही, देवाचं नाव घेऊन चेंडू मारायचा. सातव्याला उतार असा, की चेंडू होलच्या तोंडाशी जाऊन परत आपल्या पायाशी येतो. शहरातले लोक एकदा खेळून कानाला खडा लावून जायचे. आम्ही मात्र जीव टाकायचो त्याच्यावर.

३. आता मैदान विकलं गेलंय. तिथे बंगले व्हायचेत आणि त्यांचा रस्ता माझ्या परसातून न्यायचाय. ड्वेन गावच्या कौन्सिलात आहे. विक्रीची सुनावणी त्याने बुधवारी दुपारी ठेवली. बुधवारी दुपारी आम्ही खेळणारे झाडून सगळे मैदानावर असतो, हे माझ्या पोटच्या पोराला ठाऊक नव्हतं होय? नोटीस आम्ही वाचली होती. माझ्याबरोबर खेळणारी लॉइस म्हणाली, "जाऊन येऊ या का गं?" तर आमच्यातलाच ग्लेन म्हणाला, "चल गं, कोण विकतंय! आपला ड्वेन आहे की तिथे." आणि आम्ही खेळत बसलो. तिकडे सभागृह रिकामं. कुणाचीच हरकत नाही म्हणून ड्वेनने विक्रीच्या बाजूने हात वर केला.

रात्री माझ्याच टेबलाशी बसून, माझ्या हातचे कोबीचे रोल खात मला म्हणतो, "आई, तुम्ही कुणी आलाच नाहीत. मी एकट्याने काय करायचं?" जीभ कशी झडली नाही मेल्याची! त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललेले नाही आणि मरेपर्यंत बोलणार नाही.

४. परस माझी मैत्रीण लॉइस ट्रेवरो हिला द्यावे. तिने हिरवळ कापत राहावी, झेंडा काढू नये, रस्त्याला वीतभर जमीन देऊ नये. पुढेमागे मैदान नसलं तरी चालेल.

५. माझ्या गोल्फच्या काठ्या ग्लेनला. उसन्या नेऊन निम्म्या त्यानेच वाकवल्यात.

६. वकील म्हणाले, "व्हर्नाबाई, ड्वेन हरकत घेईल बरं का." घेऊ दे की! हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरात, ड्वेनच्या सोयीच्या दिवशी, त्याच्या सोयीच्या वेळी वाचावे. लॉइस, ग्लेन आणि बुधवारच्या सगळ्यांनी हजर राहावे. त्याला कॉफी द्यावी. त्याची हरकत शेवटच्या शब्दापर्यंत, मध्ये न बोलता ऐकून घ्यावी. मग परस लॉइसच्या नावे करावे.

सही: व्हर्ना हुडाक

आमच्यादेखत वाचून सही केली. साक्षीदार: बर्निस कावालेक, ऑर्विल टीग

मर्सर हॉलो, १० ऑक्टोबर २०१८