एरियल पूर्ण ओढ

पद्मजा,

मैत्रिणीकडून आलीस की आधी चहा घे, दूध तापवून ठेवलंय. मग टेबलावरचा रिमोट उचल. मी ट्रक घेऊन समोरच्या प्राधिकरणाच्या मैदानात, पार पलीकडच्या टोकाला उभा आहे.

तू लहान असताना काकाने जर्मनीहून पाठवलेला तोच रिमोटचा ट्रक. त्याचा मागचा अ‍ॅक्सल तुटला होता, तो मी गॅलरीतल्या लेथवर नवा केला, स्टीलचा. कंपनीत बावीस वर्षं खऱ्या ट्रकचे अ‍ॅक्सल केले, पण हा पेन्सिलीएवढा तीनदा वाकला. चौथ्यांदा जमला.

दसऱ्यालाच काम झालं होतं. पण रेंज बघायला दोन माणसं लागतात, एक रिमोटपाशी आणि एक गाडीपाशी. खिडकीत तुझी आई उभी राहायची. ती गेल्यापासून मी कुणाला सांगितलं नाही. शेजारचे दामले आले असते, पण ते फार बोलतात.

तू चार दिवस आलीस आणि चारही दिवस सगळ्यांना भेटलीस. तक्रार नाही. उद्या सकाळी निघणार, म्हणून लिहून ठेवतोय. तोंडी सांगायला तू सापडली नाहीस.

सेल नवे घातलेत. खिडकीत ये, एरियल पूर्ण ओढ आणि डावी दांडी पुढे कर. अंधार पडेपर्यंत मी थांबतो. इतक्या लांबून मला आता आपली खिडकी दिसत नाही. चाकं फिरली, की समजेन तू घरी आलीस.

बाबा