कुलूप एक, माणसं दोन

गुरुवार, सकाळचे सव्वाआठ

प्रिय ताईस,

प्रभूमध्ये सलाम. मी बरा आहे. भाऊजींचा पाय कसा आहे? प्लास्टरच्या आत खाज सुटते म्हणून वैतागत असतील. आत विणकामाची सुई घालू देऊ नकोस, जखम होईल. हे खरं तर तूच मला फोनवर सांगितलं होतंस आणि मी तुलाच परत सांगतोय. यावरून समज, माझं डोकं किती ठिकाणावर आहे.

सर्दी झालीय म्हणून भाऊजींना बघायला दवाखान्यात येत नाही, असं दोन आठवडे सांगतोय. लहानपणी शाळा बुडवायची असली की मला सर्दीच व्हायची. तू तेव्हाही नुसती बघायचीस.

ऑफिससमोरच्या पायरीवर बसून लिहितोय. कागद लिफ्टच्या तपासणीचे आहेत, मागची बाजू कोरी आहे. आतापर्यंत तीनदा उठलो, कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. चहा घेतला तो तसाच गार झाला. साहेब दहाला येतात. अपघाताच्या चौकशीचा कागद आज बंद होणार आहे. त्यात लिहिलंय की भाऊजींनी स्विचला स्वतःचं कुलूप लावलं नव्हतं, म्हणून चूक त्यांचीच. पाय बरा झाला तरी त्यांना कामावर परत घेणार नाहीत.

आता लिहितोच.

लिफ्टच्या कामाचा नियम असा की जितकी माणसं आत, तितकी कुलपं बंद केलेल्या मेन स्विचला, म्हणजे कुणी आत असताना तो चालू होणार नाही. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. पण आम्ही दोघं एकच लावायचो. भाऊजी म्हणायचे, "घरचीच माणसं आपण, दोन किल्ल्या कशाला सांभाळायच्या?" आणि किल्ली माझ्या खिशात असायची.

त्या दिवशी मी वर मशीनच्या खोलीत होतो आणि भाऊजी तळाच्या खड्ड्यात, शिडीवर. तुला माहीतच आहे, कामावर सगळे त्यांना रेडिओ म्हणतात. काम करताना ते सारखी चर्चमधली गाणी म्हणायचे आणि ती लिफ्टच्या दोरांच्या भोकांतून चार मजले वर ऐकू यायची. गाणं चालू म्हणजे माणूस आत, एवढीच आमची खूण. मधेच गाणं थांबलं. खालून वॉचमन ओरडला, "व्हीलचेअरवरच्या आजी कधीच्या थांबल्यात, किती वेळ लावता?" मला वाटलं, भाऊजी बाहेर आले. मी हाक मारली नाही, ताई. नुसती एक हाक. कुलूप काढलं आणि स्विच चालू केला.

त्यांच्या तोंडात स्क्रू होते, म्हणून गाणं थांबलं होतं. लिफ्ट खाली गेली आणि त्यांच्या शिडीला धडकली.

मी धावत खाली गेलो तेव्हा ते शिडीखाली पडले होते, पाय अडकलेला. मी रडायला लागलो, तर मला म्हणाले, "आधी वर जा, कुलूप लाव. घाबरू नकोस, प्रभू आहे." त्यांचा पाय मोडला होता आणि धीर मला देत होते! स्विच मीच चालू केला, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. तरी चौकशीला आलेल्या माणसाला ते एवढंच म्हणाले, "माझं कुलूप नव्हतं." माझं नाव घेतलं नाही. आणि मी बाजूला उभा राहून दोष त्यांच्यावर जाऊ दिला.

रविवारी उपासनेला गेलो होतो. पाळकसाहेबांनी भाऊजींसाठी प्रार्थना केली. सगळे आमेन म्हणाले, मला म्हणवलं नाही. मी प्रार्थना सोडली असं नाही गं, उलट सारखी करतो. पण मागत काय होतो, तर मला कुणी काही विचारू नये. खरंच कुणी विचारलं नाही. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. जिना चढतानासुद्धा हात कठड्यावरून सुटत नाही. मशीनच्या खोलीत तर पाऊलच टाकवत नाही.

आज पहाटे पहिल्यांदा वेगळं मागितलं. म्हणालो, येशूबाबा, मला तोंड उघडायला लाव. भीती घालव असं म्हणालो नाही, ते जरा जास्तच झालं असतं. भीती गेलेली नाहीच, अक्षर बघ कसं आलंय. पण भाऊजींच्या तोंडचं ते "प्रभू आहे" एकदा माझ्या तोंडून म्हणून बघितलं, आणि इथवर तरी आलो. चौथ्यांदा उठलो तर सरळ दारातच जाईन.

दहा वाजले, साहेबांची गाडी आली. किल्ली टेबलावर ठेवून सगळं सांगतो. पुढं माझं काय करायचं ते करू देत.

हे पत्र दुपारपर्यंत कुणाच्या तरी हाती पाठवतो, ते भाऊजींना मोठ्यानं वाचून दाखव. ते ओरडतील, ओरडू दे. आणि त्यांना सांग, संध्याकाळी मी येतोय. दारातून आधी हाक मारीन आणि त्यांनी ओ दिल्याशिवाय आत पाऊल टाकणार नाही.

तुझा धाकटा भाऊ,
किल्ली ज्याच्या खिशात होती तो