चोरओटी

धारूर,
शनिवार

प्रिय तेजू,

हे पत्र हातात पडलं की आधी दाराला कडी घाल आणि मग वाच. आणि शेवटपर्यंत वाचून झाल्याशिवाय सोमवारच्या गाडीत बसायचं नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. फोन केला असता, पण तुझा फोन वाजला की आधी तुझ्या नवऱ्याच्या, तानाजीरावांच्या हातात जातो, तू कितीही नाही म्हण. गेल्या खेपेला तू 'हां अक्का, बरी हाय' म्हणालीस तेव्हा तुझ्या मागं कुणीतरी खाकरलं होतं. म्हणून हा कागद. आई महालक्ष्म्यांचा फराळ घेऊन पालीहून माझ्याकडं आलीय, उद्या तुझ्याकडं कड्याला निघेल. तिला वाचता येत नाही, त्यामुळं तिच्याइतका भरवशाचा पोस्टमन मला दुसरा सापडला नाही.

मी जन्माची संशयी, हे तुला नवीन नाही. आई म्हणायची, ह्या पोरीला दूध दिलं तर आधी गवळ्याचं तोंड बघती. तू तर मला सीआयडी अक्का म्हणायचीस. म्हण बाई. पंचमीला मीच ओळखलं ना? पालीच्या लिंबाला झोका बांधलेला, आणि झोक्यासाठी माझ्या झिंज्या उपटणारी तू पदर सावरून ओट्यावर बसून राहिलीस. मी बाजूला घेऊन 'दिवस गेलेत का' विचारलं, तर तू नुसती मान हलवलीस आणि लगेच माझ्या तोंडाकडं बघितलंस, मला वाईट वाटलं का ते. वाटलं गं. खोटं कावून बोलू? पण त्याच्या पाठोपाठ आनंदही झाला, आणि तो खरा होता. दोन वर्षांपूर्वी झाला नसता. दोन वर्षांपूर्वी मी तुझ्याकडं बघितलंसुद्धा नसतं, तशीच उठून एसटीत जाऊन बसले असते.

ह्या दोन वर्षांत काय झालं ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही. तू एवढंच ऐकलंस की अक्का किरिस्ताव झाली. माझ्या सासूबाई ते शेजारणीला सांगताना असा आवाज काढतात, जसं काही मला नायटा झालाय. ऐक तर. लातूरच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहून दिली होती, ती रोज टोचायला आमच्या गल्लीतल्या सुवार्ताबाई साळवे यायच्या. रिटायर नर्स, केस पांढरेफेक, चालताना चपला फटफट वाजतात. पहिल्या दिवसापासून माझी नजर त्यांच्या हातावर. सुई नवी आहे का, बाटलीवरची तारीख कुठली. वर त्या टोचताना ओठात पुटपुटायच्या. झालं! मला वाटलं, ही बाई मंत्र घालतीय. एक दिवस हात धरून विचारलंच. तर हसून म्हणाल्या, अगं प्रार्थना करते, वय झालं, हात थरथरू नये म्हणून.

तरी माझा विश्वास बसेना. मी वाटच बघत होते, आता ही म्हणेल, आमच्या देवाकडं ये, तुला मूल होईल. बाकी सगळ्यांनी तेच केलं होतं ना? कुणी अंगारा दिला, कुणी दोरा दिला, कुणी नवस बोलायला लावले, आणि प्रत्येकानं छातीवर हात ठेवून सांगितलं की औंदा पाळणा हलणार. सुवार्ताबाई काहीच म्हणेनात. शेवटचं इंजेक्शनही वाया गेलं आणि डॉक्टरांनी आता पुरे म्हणून सांगितलं, त्या दिवशी त्या आल्या, माझ्याजवळ खाली बसल्या आणि माझ्या आधी त्याच रडायला लागल्या. मला वाटलं नाटक. बघत राहिले, कधी थांबतात. थांबल्याच नाहीत, मग मीही रडले. सासूबाई दारातून म्हणाल्या, रडून काय पोरं होत असतात व्हय? तर ह्या नाक पुसत म्हणाल्या, न्हाई होत, पण रडू द्या तिला, आजवर तिला रडूच दिलं न्हाई कुणी.

मग मी रविवारी त्यांच्या ओसरीवर उपासनेला जायला लागले. खरं सांगायचं तर सुरुवातीला पाळत ठेवायलाच गेले. बघू म्हटलं, पैसे मागतात का, नाव बदलायला सांगतात का. चार-सहा बाया असतात, गाणी म्हणतात, चहा पितात, एकमेकींचं ऐकून घेतात. तिथं मी एकदा भांडलेसुद्धा. तुमच्या शास्त्रात मूल नसलेल्या बाया ढीगभर आहेत, म्हटलं, पण शेवटी सगळ्यांना मुलं होतात. ज्यांना झालीच नाहीत त्यांचं काय? सुवार्ताबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, मला न्हाई माहीत, तू प्रभूलाच विचार, आणि असंच भांडून विचार. तेजू, मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी 'माहीत नाही' म्हणालं. त्या दिवशी मी विश्वास ठेवला. मूल मागायचं मी सोडलेलं नाही, अजूनही मागते. पण आता ते नाही मिळालं तरी मी कुणीतरी आहे, माझ्यावर कुणाचं तरी प्रेम आहे, हे मला पक्कं कळलंय. बारशाला गेले की पूर्वी दाराशी बसायचे, आता आत जाऊन बसते. कुणी पाळण्यापासून लांब सरकवलं तर सरकते, पण घरी येऊन जेवते. पूर्वी जेवण जात नसायचं.

एवढं असूनसुद्धा जुना संशय जात नाही बघ. पंचमीनंतर मी तुझ्या चोरओटीचं आवतण यायची वाट बघत बसले. तुझ्या थोरलीच्या, संस्कृतीच्या वेळी तिसऱ्या महिन्यात तुझ्या सासूबाईंनी गुपचूप चारच बाया बोलावल्या होत्या, त्यात मी पुढं होते. धाकट्या ओवीच्या वेळी बोलावलं, आणि ऐन ओटी भरताना मला दूध उतू जातंय का ते बघायला आत पाठवलं. दूध कुठलं, गॅससुद्धा पेटवलेला नव्हता. मी त्या थंड शेगडीपुढं उभी राहून तुमची कुजबुज ऐकली. तेव्हा ह्या खेपेला मी हिरवा खण आणून ठेवला, आणि आवतण येईना तसा मनात राग साठवायला लागले. मला वाटलं, वांझ तर होतेच, आता किरिस्तावही, म्हणजे कोण उंबरा ओलांडू देतंय! तुझ्यावरही राग होता. वाटलं, तू तरी गुपचूप एक फोन करायचास.

परवा आई लाडू वळत होती तेव्हा मी तोंड वाकडं करून म्हणाले, झाली का मग तुझ्या लाडकीची चोरओटी, माझ्याशिवाय? आईचा हात थांबला. म्हणाली, कशाची चोरओटी बये, न्हाईच केली. मला बी न्हाई बोलावलं. तिची सासू म्हनली, औंदा घाई न्हाई करायची, समदं कळाल्यावर बघू.

समदं कळाल्यावर. तेजू, काय कळायचं राहिलंय गं? तिसरा महिना सरला, चौथा लागला. तू आहेस, पोटात बाळ आहे, डॉक्टरनं सांगितलंय. आणखी कळण्यासारखं एकच उरतं. माझा राग तिथंच विरघळला. मी समजत होते मला वगळलं, इथं तर त्या बाळालाच अजून घरात घेतलेलं नाही. ज्याची ओटी भरली नाही, ते आलंच नव्हतं म्हणायला मोकळे.

मग बाकीचंही जुळत गेलं. बुधवारी तू म्हणालीस, अक्का, दोघी पोरींना दोन दिवस ठेवून घेशील का, सोमवारी आम्ही देवदर्शनाला जातोय. संध्याकाळी तानाजीरावांचा फोन. आठ वर्षांत ज्यांनी मला कधी 'बऱ्या आहात का' विचारलं नाही, ते लाडात येऊन 'अंजूताई' म्हणाले, आणि सांगितलं काय, तर तेजूला चक्कर येती, लांबच्या मोठ्या डॉक्टरला दाखवून आणतो. तू देव सांगतेस, ते डॉक्टर सांगतात. निदान आधी दोघांनी बसून एकच काय ते ठरवायचं तरी! आणि कुठलं ते लांब, तर दोघंही सांगायला तयार नाहीत. मुलगा का मुलगी ते बघायला कायद्यानं बंदी आहे, म्हणूनच कुणी ओळखत नाही असं लांब, एवढं मलाही कळतं. आणि मुलगी निघाली तर दोन दिवसांनी तू रिकामी होऊन येणार, आणि तोवर तिच्या बहिणींना मी इथं दूधभात भरवत बसायचं. त्यासाठी बरी मी चालते. माझा संशय खोटा असेल तर मला शिव्या घाल, मी तुझे पाय धरीन. पण खोटा असता तर बुधवारी फोन ठेवताना तू रडली नसतीस.

हे सगळं कळल्यावर माझ्या मनात पहिला विचार काय आला माहितेय? ते बाळ मला दे. लगेच लिहायलाही बसले होते. मग थांबले, कारण मला माझाच संशय आला. मी तुला वाचवतेय, का स्वतःची ओंजळ पुढं करतेय? सुवार्ताबाईंकडं गेले, आम्ही दोघींनी गुडघे टेकले, आणि मी देवाला स्पष्ट म्हटलं, हा हावरेपणा माझ्यातून काढ, त्याशिवाय मी पेन धरणार नाही. लई वेळ लागला. शेजारी सुवार्ताबाईंचे गुडघे दुखायला लागले, पण त्या उठल्या नाहीत. आज लिहितेय म्हणजे ते निघालंय असं समज. तुला ते बाळ जड झालं तर माझं घर आहे, आमच्या ह्यांच्याशी, रामप्रसादांशी बोलले आहे, ते नुसतं म्हणाले, कधी आणायचं सांग. पण मी मागत नाही. ते तुझं आहे, तुझ्याजवळच वाढू दे, मी नुसती मावशी होईन. फक्त ते राहू दे.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं ते. आईच्या पिशवीत लाडवांच्या डब्याखाली हिरव्या खणाचं एक गाठोडं आहे, ते काढ. आत तांदूळ आहेत, नारळ आहे, हळकुंड आहे. त्यावर मी माझा हात ठेवून प्रार्थना केलीय, सुवार्ताबाईंनीही केलीय. ही तुझी चोरओटी, तेजू. तुझ्या घरात कुणी भरली नाही, म्हणून मी भरली, जिला थंड शेगडीपुढं उभं केलं होतं तिनं. पदर पसर आणि आईच्या हातून घे, ती लाडू देतेय असंच समजेल. माझा हात अपशकुनी आहे असं तुलाही वाटत असेल, तर गाठोडं तसंच परत पाठव, मी समजून जाईन. पण एकदा का पदरात घेतलंस, तर मग ते बाळ आलेलं आहे, मुलगा असो नाहीतर मुलगी, आणि भरली ओटी घेऊन कुणी त्या गाडीत बसत नाही. दोघी पोरींचे हात धर, आईबरोबर एसटीत बस आणि सरळ धारूरला ये. तुला कुणी न्यायला आलं तर आधी माझ्याशी गाठ आहे. मी स्टँडवर उभी असेन.

वाट बघणारी,
तुझीच,
अक्का