आईच्या डाव्या हाताचा ओटा

मी, खाली सही करणारी, मामाच्या वर्कशॉपमध्ये किचनच्या ट्रॉल्या आणि कपाटं बनवणारी, वय अठरा पूर्ण, डोकं ठिकाणावर, अंगात ताप नाही, कुणी मानेवर बसून लिहून घेत नाही, असं लिहून ठेवते की माझ्यामागे माझ्या वस्तूंचं काय करायचं ते पुढे सांगितलंय तसं करावं. याआधी मी दुसरं कुठलं मृत्युपत्र केलेलं नाही. तशी वेळच आली नव्हती.

आता यायचं कारण म्हणजे उद्या सकाळी माझ्या टॉन्सिलचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, अगदी किरकोळ. आणि लगेच एक कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं की भूल देताना जिवाचं काहीही होऊ शकतं, मान्य असेल तर सही करा. मी पेन आईकडे दिलं. नर्स म्हणाली, "अठरा झाली ना पूर्ण? मग तुझी तूच कर." केली. घरी येताना डोक्यात आलं, जीव माझ्या नावावर झालाच आहे, तर बाकीचंही लावून टाकावं.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. ऑपरेशननंतर आठवडाभर अजिबात बोलायचं नाही. यावर आई, बाबा आणि धाकटा भाऊ इतके हसले की डॉक्टर चष्मा काढून बघायला लागले. भाऊ म्हणाला, "डॉक्टर, ही मागच्या आठवड्यात पण नाही बोलली."

मला बोलता येतं. पण समोर दोन-चार माणसं बघायला लागली की शब्द घशापर्यंत येतात आणि तिथेच बसकण मारतात. नववीत शाळा सोडली ती त्यामुळेच. उभं राहून धडा वाचायचा म्हटलं की मी उभी राहायचे, धडा काही उभा राहायचा नाही. तेव्हा मामा म्हणाला, "माझ्याकडे ये. प्लायवूड प्रश्न विचारत नाही." वर्कशॉपमध्ये मला सगळे सायलेन्सर म्हणतात. मला चालतं.

आता मुद्दा. परवा आमच्या स्वतःच्या घरच्या किचनचा प्लाय कापायचाय. मामाच्या ड्रॉइंगप्रमाणे कापला तर आईला जन्मभर उलट्या किचनमध्ये काम करावं लागेल. आणि परवा मी तोंडाला कुलूप लावून हॉस्पिटलात पडलेली असेन. हे सगळं कलम पाचमध्ये आहे. ज्याला घाई आहे त्याने सरळ तिथे जावं. बाकीच्यांनी क्रमाने यावं.

कलम १. माझा मेजर टेप पॉलिशकाकांना द्यावा. काकांना मापाचं काही काम नसतं, ते आतल्या खोलीत पॉलिश मारतात. पण टेप सोडल्यावर सटकन आत जातो ना, ते त्यांना फार आवडतं. येता-जाता माझा टेप ओढतात, सोडतात आणि खूश होऊन जातात. यात एक घोळ झाला. झेरॉक्सवाल्या दादाने सांगितलं की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही द्यायचं नसतं, दिलं तर ते धरत नाहीत. मी तर काकांनाच साक्षीदार धरलं होतं. मग त्यांना कागदावर लिहून दाखवलं, "सही की टेप?" काका म्हणाले, "अगं, हे काय विचारणं झालं? टेप! सही काय, कुणीही ठोकेल." म्हणून साक्षीदार दुसरे आहेत.

कलम २. माझी लाकूड कोरायची बारीक पटाशी मामाला परत. त्यानेच दिली होती. ती मामेभावाच्या हाती पडू नये. मामेभाऊ शर्ट खोचून पुढच्या ऑफिसात बसतो आणि गिऱ्हाइकांशी बोलतो, म्हणून आम्ही त्याला साहेब म्हणतो. साहेबांनी एकदा त्याच पटाशीने रंगाचा डबा उघडला. धार परत आणायला मला अख्खी दुपार लागली, आणि साहेब वर म्हणाले, "एवढं काय, लोखंडच आहे ना?"

पण साहेबाला अगदीच मोकळ्या हाताने सोडायचं नाहीये. किचनच्या कोपऱ्यातली जागा नेहमी वाया जाते, आत हात पोचत नाही. एका गिऱ्हाइकाच्या घरी तिथे मी काटकोनी तोंडाचा ड्रॉवर बसवला होता. ओढला की सगळा कोपराच बाहेर येतो. त्या घरच्या बाईंनी तो उघडला, मिटला, परत उघडला, नवऱ्याला हाक मारली, शेजारणीला बोलावलं. साहेब म्हणाले, "ही आमची खासियत आहे, मॅडम." मी तिथेच स्क्रू गोळा करत होते. तर ती युक्ती मी या मृत्युपत्राने साहेबाला देऊन टाकते. आता ती खरंच त्याची. कुणी विचारलं तर कागद दाखवता येईल.

कलम ३. घर माझ्या नावावर नाही. बँकेत जे काय असेल ते आईला. खिडकीखालचं घडीचं टेबल मी उरलेल्या तुकड्यांमधून बनवलंय, ते धाकट्या भावाला. त्यावर अभ्यास करावा अशी अट नाही. त्यावर बसू नये अशी अट आहे. बिजागऱ्या हलक्या आहेत आणि तो नाही.

कलम ४. बाबांना एक दार. बाबांना राग आला की ते कपाटाचं दार आपटतात, बोलत काही नाहीत. माझा स्वभाव कुठून आलाय ते यावरून कळेल. घरी मी सगळीकडे हळू मिटणाऱ्या बिजागऱ्या लावल्या, आणि बाबांची पंचाईत झाली. परवा आईशी कशावरून तरी वाजलं. बाबांनी दार जोरात लोटलं, ते मध्येच थांबलं आणि अलगद जाऊन टेकलं. बाबा बघत राहिले. म्हणाले, "म्हणजे आता माणसाने चिडायचं कसं?" आई हसली, भांडण तिथेच संपलं. तरीपण माणसाला एखादं दार आपटायला हवं. नवीन किचनमध्ये दाराजवळचं शेवटचं कपाट आहे, त्याला जुन्या पद्धतीची बिजागरी लावावी आणि ते बाबांचं समजावं.

कलम ५. आईचं किचन.

मामाची एक पद्धत आहे आणि ती फार चांगली आहे. नवीन गिऱ्हाईक आलं की तो रंग, लाकूड, हँडल काही दाखवत नाही. आधी विचारतो, "स्वयंपाक कोण करतं? उजव्या हाताने की डाव्या?" लोक हसतात. पण सुऱ्यांचा ड्रॉवर चिरायच्या जागेच्या कुठल्या बाजूला, मसाल्याची ट्रॉली शेगडीच्या अलीकडे की पलीकडे, घासलेली भांडी कुठे निथळायची, हे सगळं त्या एका उत्तरावर ठरतं. आजवर किती किचनं केली असतील, हा प्रश्न मामा कधी विसरला नाही. फक्त आईला विचारला नाही. सख्खी बहीण, तिला काय विचारायचं?

आई डावरी आहे. लिहिते उजव्या हाताने, जेवते उजव्या हाताने, ते लहानपणी मागे लागून लागून करून घेतलेलं. लोकांसमोर ती उजवी. पण ओट्यापाशी तिची पाठ सगळ्यांकडे असते, तिथे सुरी आपोआप डाव्या हातात जाते. मला हे कळलं कारण मी तिच्या डावीकडे उभी राहून कांदा चिरायला लागले की आमची कोपरं आपटतात. मामाला कळायचं काही कारणच नाही. तो बाहेर बसून "ताई, चहा!" म्हणतो आणि चहा बाहेर येतो.

आत्ताचं किचन तिला उलटंच पडतं. मसाले शेगडीच्या उजवीकडे आहेत. ती डावा हात वाफेवरून आडवा नेते आणि डबा घेते. दरवेळी. तिच्या डाव्या बाहीचं टोक कायम दमट असतं. तिला तो त्रास वाटत नाही, तिला वाटतं स्वयंपाक असाच असतो. आता सगळं नवीन होणार, आणि नवीनसुद्धा तसंच होणार, फक्त चकचकीत.

मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा मामाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. तो फोनवर होता. फोन ठेवून म्हणाला, "काय गं? पाणी संपलं का?" मी मान हलवली. त्याने पाणी मागवलं. मग मी सगळं उलटवून नवीन ड्रॉइंग काढलं आणि त्याच्या टेबलावर ठेवलं. संध्याकाळी त्यावर त्याचा चहाचा ग्लास होता. तिसऱ्यांदा आईलाच म्हटलं, "तू सांग ना मामाला." आई म्हणाली, "अगं, तो एवढं आपुलकीने करतोय, त्यात मी नखरे काढू?"

नखरे नाहीत गं. हात आहे तुझा.

म्हणून माझी शेवटची इच्छा अशी. सुऱ्यांचा ड्रॉवर चिरायच्या जागेच्या डावीकडे. मसाल्याची ट्रॉली शेगडीच्या डावीकडे. निथळायची जागा सिंकच्या उजवीकडे, कारण आई भांडं उजव्या हातात धरते आणि घासून तिकडेच ठेवते. ओव्हनचं दार डाव्या हाताने उघडेल असं. रंग कुठलाही चालेल. माझं ड्रॉइंग मामाच्या टेबलावर आहे, मधोमध गोल डाग असलेलं.

हे करायला व्यवस्थापक म्हणून मी मामाला नेमते.

पुरवणी, त्याच दिवशी, चहाच्या सुट्टीनंतर

झेरॉक्सवाल्या दादाने सांगितलं होतं की व्यवस्थापकाची संमती घेतलेली बरी. म्हणून वरचा कागद मी मामाला वाचायला दिला. तो कापायच्या मशीनपाशी उभा राहून वाचायला लागला. दुसरं कलम वाचून हसला, ओरडला, "साहेब, इकडे ये, तुला इस्टेट मिळाली!" चौथ्याला पण हसला. पाचवं वाचून मशीन बंद केलं. मशीन बंद झालं की वर्कशॉपमध्ये सगळे बाहेर येतात, तसे आले. मला पॉलिशच्या खोलीत जाऊन बसावंसं वाटलं, पण दारात पॉलिशकाका उभे होते.

मामाने फोन काढला आणि आईला लावला. स्पीकर चालू होता.

"ताई, एक विचारू? तू अजून डावरी आहेस?"

"का रे? काय सांडलं?"

"सांडलं नाही. विचारतोय."

"अरे, जन्मापासून डावरी आहे. आता काय या वयात उजवी होऊ?"

"मग बोलली का नाहीस? मी अख्खं किचन उजव्या हाताचं काढून ठेवलंय!"

"तू विचारलंस? आलास, टेप लावलास, चहा प्यायलास, गेलास. मला वाटलं, तुला माहीतच आहे. लहानपणी तुझा कान पिळायचे तो कुठल्या हाताने?"

मामाचा हात उजव्या कानाकडे गेला. मग तो वळून आई समोर उभी राहायची त्या जागी उभा राहिला, कान पिळल्यासारखा हवेत डावा हात फिरवला, आणि म्हणाला, "अरेच्चा!" पॉलिशकाका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"तुला आज कुणी सांगितलं?" आईने विचारलं.

"तुझ्या सायलेन्सरने."

"ती बोलली?"

"बोलली नाही. मृत्युपत्र लिहिलंय."

"काय लिहिलंय? दे, फोन दे तिच्याकडे! टॉन्सिलला कुणी मृत्युपत्र लिहितं का?"

मामाने फोन माझ्याकडे केला. सगळे बघत होते. मी म्हटलं, "आई, मसाले डावीकडे हवेत ना?"

पलीकडे शेगडी बंद केल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "हो गं. डावीकडेच हवेत."

सबब कलम पाच मी जिवंत असतानाच अमलात आल्यामुळे रद्द समजावं. बाकीची कलमं कायम आहेत. साहेबाने पटाशीबद्दल माफी मागितली आहे, तरीही कायम आहेत.

ठिकाण: वर्कशॉप, प्लायच्या थप्पीवर बसून.
तारीख: ऑपरेशनचा आदला दिवस.

सही: सायलेन्सर

साक्षीदार:
१. टेम्पोवाले दादा. हिने आमच्यासमोर सही केली. हात थरथरत नव्हता.
२. चहावाल्या मावशी. मी पण पाहिलं. साक्षीदाराला काही मिळत नाही हे मला सहीनंतर सांगण्यात आलं, याची नोंद घ्यावी.

व्यवस्थापकाची संमती:
नामंजूर. मी हे काम घेत नाही. परवा प्लाय हिच्या ड्रॉइंगप्रमाणे कापून ठेवतो, पण कपाटांची दारं जुळवायला आणि ट्रॉल्या बसवायला ड्रॉइंग ज्याचं त्यानेच यायचं, ही इथली रीत आहे. बरी झाली की लगेच यावं. डॉक्टरांना फोन करून विचारलंय, बंदी बोलायला आहे, स्क्रू मारायला नाही. तोवर ताईचे मसाले मी डब्यांसकट एका स्टुलावर शेगडीच्या डावीकडे मांडून आलो आहे.
— मामा