संगणक आपला आपण उठला!

तीर्थरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार (कंबर लचकल्यामुळे तूर्त कागदावरच). तुझा डोळा कसा आहे? भावजींनी कळवलं, की परवा तू खुंटीवरच्या कोटाला "बसा, चहा ठेवते" म्हणालीस. ताई, मोतीबिंदूचं ऑपरेशन आता अजिबात पुढे ढकलू नकोस. मी येतोय! भावजींचे हात कापतात, तेव्हा आठही दिवस डोळ्यात थेंब मीच घालणार.

गेल्या तीन वर्षांत मी का आलो नाही हे तुला मी दहादा सांगितलंय आणि तुझा एकदाही विश्वास बसलेला नाही, म्हणून पुन्हा सांगतो. आमच्या बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत बिया उगवायला ठेवतात ती सहा कपाटं आहेत, आणि त्यांचं तापमान गोळा करणारा एक संगणक. सफाईच्या मावशी (प्रयोगशाळेची सफाई त्यांच्याकडे आहे, खरं तर प्रयोगशाळाच त्यांच्याकडे आहे) रोज फरशी पुसण्याआधी मेन स्विच बंद करतात आणि पुसून झालं की चालू. मग संगणक उठतो, पण नुसता अंथरुणात बसून राहतो. नेटवर्क जोड, घड्याळ लाव, कपाटांना तापमान विचार, आकडे पडद्यावर दाखव, असे चार हुकूम त्याला मी साडेसातला येऊन हाताने देतो. रविवारीसुद्धा! प्रमुख बाईंनी स्पष्टच सांगितलं, की हा आपला आपण कामाला लागला तरच रजा.

मग मीही चंग बांधला. सुरू होताना काय काय करायचं हे संगणक एका फाईलमधून वाचतो. तिच्यात मी चारही हुकूम लिहिले, तर सगळे एकदमच धावले. नेटवर्क यायच्या आधीच तापमानवाल्याने कपाटांना हाका मारल्या, आणि कोणी ओ देईना म्हणून रुसून बसला. तेव्हा कोणी कोणाच्या मागून यायचं तेही लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी पडद्यावर सहाच्या सहा आकडे! मी बाईंना बोलावलं, अर्ज पुढे केला, त्यांनी पेनाचं टोपणही काढलं. तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "पण आत्ता तुम्हीच टाइप केलंत की." ताई, खरंच! तीन वर्षांची सवय. तोंड बाईंना हाका मारत होतं आणि बोटं आपलं काम उरकत होती. बाईंनी टोपण परत लावलं.

त्यानंतर रोज सकाळी मला दाराबाहेर उभं करण्यात आलं (या वयात!). काचेतून दिसायचं, की संगणक उठतो, दीड मिनिट नेटवर्कची वाट बघतो आणि नाद सोडून देतो. फाईलमधलं अक्षर न् अक्षर तपासलं, चूक सापडेना. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की नेटवर्कचा डबा ओल्या कोपऱ्यात आहे आणि मावशी त्याची पिन सगळ्यात शेवटी लावतात. मी हातापाया पडलो. त्या म्हणाल्या, "कोपरा वाळल्याशिवाय पिन लागायची नाही. त्यालाच वाट बघायला शिकवा."

शिकवलं! नेटवर्क दिसलं नाही तर हिरमुसायचं नाही, दर दहा सेकंदांनी पुन्हा बघायचं, असं लिहून टाकलं. आज सकाळी मी बाहेर, हात खिशात. कोपरा वाळला, पिन लागली, आणि एकेक करत सहाही आकडे उमटले. मी असा नाचलो की कंबर लचकली (ती हीच). रजा मंजूर! शुक्रवारच्या गाडीने निघतो. भावजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. : दुपारी वीज गेली आणि आली. मी तयारीत बसलो होतो. कोणी बोलावलं नाही.

ता. क. २ : एवढं एक काम कर. मी तिथे असताना, मला न सांगता, प्रयोगशाळेत फोन लाव (नंबर मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलाय) आणि माझ्यावाचून काही अडतंय का ते विचार. अडत असेल तर मला लगेच सांग. अडत नसेल, तर फोन लागलाच नाही म्हण.