बाईंना न दाखवता

मखमलाबाद, नाशिक
२२ नोव्हेंबर १९९९

सायलीच्या बाबांना,

शुभांगीचा नमस्कार. इथे सगळे बरे आहेत. तुमची तब्येतही चांगलीच असेल, तिथे निदान जेवायला वेळेवर मिळतं.

दिवाळी सरली आणि झेंडूला कुत्रं विचारेना. वाळूभाऊजींनी पंचवटीच्या बाजारातून अर्धा माल परत आणून म्हशीपुढे टाकला. गुलाब बरा आहे. सासूबाईंचे गुडघे धरलेत. सायली तिसरीत गेली. शाळेत कोणी विचारलं तर बाबा बाहेरगावी असतात म्हणून सांगते. मी तिला हे शिकवलं नाही, तिचं तिनेच शिकून घेतलं.

तुमचं पत्र आणि सोबतचा संमतीचा कागद मिळाला. तुरुंगातल्या बाईंच्या वर्गात शिकून तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलेलं हे पहिलं पत्र. पोस्टमन म्हणाला, "वहिनी, अक्षर तर मास्तरावानी हाय, कोणाचं वो?" मी म्हटलं, "आमच्या ह्यांचं." तेवढ्यापुरती मान ताठ झाली, खोटं कशाला बोलू. मग घरात येऊन वाचलं. चार पानांत "रूपालीबाई म्हणतात" इतक्या वेळा आलं की सासूबाईंना वाचून दाखवताना मी काही ठिकाणी गाळलं.

बाई म्हणतात, दोनशे वर्षांपूर्वी विलायतेत कैदी म्हणजे कचरा होता, आणि तेव्हा एक बाई आपण होऊन बायकांच्या तुरुंगात शिरली, त्यांना शिवण शिकवलं, त्यांच्या पोरांची शाळा काढली. बाई म्हणतात, आपल्याकडे औंध संस्थानाने साठ वर्षांपूर्वी आटपाडीजवळ कैद्यांची उघडी वसाहत केली, भिंती नाहीत, शेती करायची, बायकापोरं आणून राहायचं. बाई म्हणतात, माणसावर विश्वास टाकला की माणूस सुधारतो. मी सगळं वाचलं. चांगलंच आहे. पण एवढ्या लांबलचक पत्रात माझं नाव एकदाच, तेही अगदी शेवटी: शुभांगीस आशीर्वाद.

आणि मधेच सहज लिहिलंत की आजवर माझी पत्रं बाईच तुम्हाला वाचून दाखवत होत्या! मला वाटायचं, तुमच्या बराकीतले ते म्हातारे सावळीरामबाबा वाचतात. म्हाताऱ्या माणसापुढे काय लाजायचं म्हणून मी काय काय लिहून बसले होते, ते आठवा. त्या गंगापूर रोडच्या शिकलेल्या पोरीने ते मोठ्याने वाचलं असेल. कुठे थांबली असेल, कुठे गालात हसली असेल, ह्या विचाराने मला दोन दिवस भाकरी गोड लागली नाही.

मी दहावी पास आहे, हे तुम्हाला आठवत असेलच. लग्न झाल्यावर मोटरीच्या खोलीत बसून मी तुमच्या हातात पाटी दिली होती. तुम्ही काय म्हणालात? "म्हशीला घाल शाळंत, मला नको." हसलात आणि पाणी धरायला निघून गेलात. मी पुन्हा दिली, तुम्ही पुन्हा निघून गेलात. माझ्याकडून एक अक्षर घेतलं नाहीत, आणि आठवड्यातून दोनदा येणाऱ्या त्या बाईसाठी चार पानं!

म्हणून मी त्यांना बघायला गेले. होय, गेले. त्यांना तुरुंगात शिकवायला पाठवणाऱ्या संस्थेत पत्ता विचारला, गुलाबाची जुडी घेतली, आणि मंगळवारी सकाळी गंगापूर रोडला त्यांच्या दारात उभी राहिले. दिसायला साधी आहे, जाड चष्मा, माझ्यापेक्षा काळी. जरा बरं वाटलं. मग बोलायला लागली आणि बरं वाटेनासं झालं, कारण बाई खरंच चांगली आहे. मला खुर्चीवर बसवलं, स्वतः चहा केला, सायलीचं नाव घेऊन विचारपूस केली. माझ्या मुलीचं नाव तिच्या तोंडात किती सराईत बसलंय!

मी सरळ विचारलं, "माझ्याकडून शिकले नाहीत ते तुमच्याकडून कसे शिकले?"

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मीही त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, बायकोपुढे चुकायची लाज वाटायची. तिला सगळं येतं, मला काहीच नाही, हे तिला रोज कशाला दाखवू?"

तिला वाटलं, हे ऐकून माझं समाधान होईल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे खरं, पण रागाने जास्त आलं. माझी लाज वाटली, आणि तिची नाही? तिच्यापुढे बसून तुम्ही चुकत होता, ती पुसत होती, तुम्ही परत लिहीत होता. तो सगळा वेळ माझा होता हो. वरून म्हणाली, "पत्रातल्या चुका मी काढून दिल्या, मग त्यांनी ते पुन्हा उतरवून काढलं." म्हणजे माझ्या नवऱ्याचं पहिलं पत्र माझ्याआधी तिला मिळालं. तुरुंगाच्या ऑफिसातले साहेब पत्र वाचतात ते मला माहीत आहे, त्यांनी हेही वाचावं, त्यांचं कामच आहे. तिचं काय काम होतं?

आता त्या कागदाचं. तुम्हाला त्या आटपाडीच्या उघड्या वसाहतीत पाठवणार आहेत. मी सही केली तर सायलीला घेऊन आटपाडीला तुमच्याजवळ राहायचं, नाहीतर तुम्ही एकटे जाणार. सासूबाई म्हणतात, "कैद्याची बायको म्हणून लोकांचं ऐकून घेतलं तेवढं पुरं नाय का? आता सोताच्या पायानं तुरुंगात जाती व्हय?" भाऊजी मळा सांभाळायला तयार आहेत. तुमच्या त्या इतिहासात राजाने कैद्यांवर विश्वास टाकला, तुरुंगाच्या साहेबांनी टाकला. त्यांच्या मागोमाग जाऊन त्या माळावर चूल मांडणाऱ्या बायकांना कोणी काही विचारलं का? बाईंना विचारून बघा, पुस्तकात असेल तर.

इथे राहण्यातही काही सुख नाही. बांधापलीकडे कुसाबाई आहे. पाण्याच्या पाळीवरून तुम्ही फावडं उचललंत आणि तिचा नवरा गेला, ते ती एकदाही मला बोलून दाखवत नाही. पाण्याच्या पाळीच्या दिवशी वाफ्यांना बारं द्यायला एकटी उभी असते. मी खाली मान घालून गवत उपटते. तुमची सुधारणा झाली म्हणून सगळे तुमचं कौतुक करतात, आणि ते कौतुक ऐकताना मला तिची आठवण येते. तिथे गेल्यावर तुम्ही तिला विसरायचं नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

कागदावर मी सही केली आहे. रात्री चोरून नाही, काल दिवसाढवळ्या, सासूबाईंच्या समोर केली. पण धाडलेला नाही.

मला तुमचं पत्र पाहिजे. बाईंना न दाखवता लिहिलेलं. चार ओळी असल्या तरी चालतील, वेडंवाकडं असलं तरी चालेल, मला वाचता येईल. त्यात औंध नको, विलायत नको, बाई तर नकोच नको. मी यावं असं तुम्हाला का वाटतं, एवढंच लिहा. ते आलं की कागद त्याच दिवशी टपालात पडेल. नाही आलं, तर तुम्ही तुमच्या उघड्या वसाहतीत सुखाने राहा, मी माझ्या मळ्यात आहेच.

लाज वाटली तर वाटू द्या. माझ्यासमोरच वाटू द्या.

तुमची बायको, जिला तुमच्यात वाटेकरी नको आहे,
शुभांगी